रॉसलेअर ते रॉटरडॅम

"विमानाने गेलीस तर डोळा जाईल आणि बोटीने गेलीस तर कंबर," गाडी बंदराच्या आवारात वळवत नोरीन म्हणाली. "त्यातल्या त्यात कंबर परवडली."

अलकनंदाला हसायचं होतं, पण ते राहूनच गेलं. तिने पिशवी खांद्याला लावली आणि दाराच्या कडीकडे हात नेला, तो चार बोटं अलीकडेच पडला. नोरीनने वाकून दार उघडून दिलं.

नोरीन किलकेनीच्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती आणि अलकनंदा तिथेच भूल देणारी डॉक्टर. तीन आठवड्यांपूर्वी अलकनंदाच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रिया करून तो बसवला आणि जागेवर दाबून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. तो विरघळेपर्यंत विमानात बसायचं नाही, कारण उंचीवर तो फुगतो आणि डोळा कायमचा जातो. तसं छापलेला हिरवा पट्टा तिच्या मनगटावर होता. त्यामुळे डब्लिनहून दीड-दोन तासांत जिथे उतरता आलं असतं तिथे पोचायला तिला तीन दिवस लागणार होते. रॉसलेअरहून बोटीने फ्रान्समधलं शेर्बूर, तिथून आगगाडीने पॅरिस, आणि पॅरिसहून रॉटरडॅम.

रॉटरडॅमला तिची एकुलती एक मुलगी, अक्षया, राहत होती. मंगळवारी अक्षयाचं बाळ पोटातच गेलं. एकविसावा आठवडा चालू होता.

"पोचलीस की कळव. सगळं ग्रँड होईल," नोरीन म्हणाली. इकडे आभाळ कोसळलं तरी माणसं ग्रँडच असतात, हे अलकनंदाला चोवीस वर्षांत पाठ झालं होतं. पण ते म्हणताना नोरीनने तिचा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

मिरजेहून शिकून आलेली अलकनंदा या देशात कधी कायमची झालीच नाही. सहा महिने लेटरकेनी, वर्षभर ट्रली, पुन्हा सहा महिने कॅसलबार. कंत्राट संपलं की दुसरं गाव आणि दुसरी भाड्याची खोली. तिच्याबरोबर आलेले काही जण कन्सल्टंट झाले, काही ऑस्ट्रेलियाला गेले, ती हाताखालची रजिस्ट्रारची रजिस्ट्रार राहिली. त्याचंही तिला फारसं काही वाटेनासं झालं होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्याला पेशंट चॉकलेटचा डबा आणून देतात. भूल देणारीचा चेहरा त्यांना शुद्धीवर आल्यावर आठवतही नाही. "मी इथेच आहे," असं प्रत्येकाला झोप लागेपर्यंत सांगत राहायचं, एवढंच तिचं काम.

घर मात्र डब्लिनजवळच्या लिक्सलिपला होतं. नवरा रणजित तिथल्या संगणकाच्या चिपच्या कारखान्यात तंत्रज्ञ. अक्षयाला वाढवलं ते त्यानेच. वेण्या त्याने घातल्या, शाळेचे डबे त्यानेच भरले. अलकनंदा एक आड एक शनिवारी यायची, निम्मा दिवस झोपायची आणि रविवारी जेवून निघायची. अक्षयाची पहिली पाळी आली तेव्हा ती ट्रलीच्या थिएटरमध्ये होती. दोन केसेसच्या मध्ये तिने फोनवरून सगळं नीट समजावलं होतं, कोणती गोळी, किती तासांनी. पॅड आणायला रणजित गेला होता. त्या रात्री मुलगी बाबाच्या कुशीत झोपली, हे तिला पुढे कधीतरी त्याच्याकडूनच कळलं.

चार वर्षांपूर्वी रणजित हृदयविकाराने गेला. त्यानंतर मायलेकींच्या मधला दुवाच नाहीसा झाला. अक्षयाने रॉटरडॅमला नोकरी धरली, जवळच्याच डेल्फ्टला शिकलेल्या अनीशशी लग्न केलं. अलकनंदा दर वेळी म्हणायची, पुढच्या महिन्यात येते. मग दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हा तिने ठरवलं की बाळंतपणाला चांगलं महिनाभर जायचं, आणि तेवढ्यासाठी ती रजा राखून ठेवू लागली. डोळ्याचं तिने अक्षयाला कळवलंच नव्हतं. अशा दिवसांत पोरीला घोर कशाला?

बुधवारी सकाळी फोन आला. अक्षयाने दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं, नेहमीच्या लिक्सलिपच्या इंग्रजीत. आणि अलकनंदाने विचारायला सुरुवात केली. रक्तस्राव किती आहे, ताप आहे का, गाठी पडतायत का, रक्तदाब कुणी बघितला? अक्षयाने तिला मध्येच तोडलं. "मॅम," ती म्हणाली, इकडची मुलं आईला म्हणतात तसं, "डॉक्टर आहेत माझ्याकडे इथे."

अलकनंदाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग पलीकडून आवाज आला, अगदी बारीक.

"तू येऊ शकशील?"

आजवर मुलीने कधी बोलावलं नव्हतं. येणार नाही हे माहीत असलेल्या माणसाला कोण बोलावतं? अलकनंदा "येते" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला डोळ्याची आठवण झाली.

बोटीत तिने खिडकीपासून लांबची खुर्ची धरली. उताणं झोपायचं नव्हतं, जमेल तितकं डोकं खाली घालून बसायचं होतं. उजव्या डोळ्यात ती बुडबुड्याची काळी रेघ बोटीबरोबर हिंदकळायची, घागरीतल्या पाण्यासारखी. मान आखडली, खांदे दगड झाले. येणारे-जाणारे तिला बोट लागली असं समजत होते. एका पोलिश ट्रकवाल्याने न विचारताच कॉफी आणून दिली आणि उलटीची कागदी पिशवीही शेजारी ठेवली. तिने दोन्हींचे आभार मानले.

शेर्बूरला दुपार झाली होती. पॅरिसची गाडी गच्च भरलेली. पॅरिसमध्ये एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनावर जाताना जिन्यात दोनदा पाय चुकला, कारण पायरी कुठे संपते ते एका डोळ्याला उमगत नव्हतं. मग ती कठड्याला धरून, प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपत उतरली. मागचे लोक चुकचुकत पुढे गेले. तिने त्यांना जाऊ दिलं. स्टेशनाजवळच्या स्वस्त हॉटेलात पालथी पडून रात्र काढली आणि शनिवारी सकाळची गाडी पकडली.

दार अनीशने उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तो पाया पडायला वाकला, पण मध्येच थांबला.

"आई, तुमच्या डोळ्याला काय झालंय? लाल झालाय केवढा."

"काही नाही रे, उतार आहे आता. ती कुठंय?"

अक्षया सोफ्यावर होती, अंगाभोवती शाल गच्च लपेटून. तिने आईकडे पाहिलं, मनगटावरचा हिरवा पट्टा पाहिला. हात धरून त्यावरची शस्त्रक्रियेची तारीख आणि बारीक अक्षर वाचलं, मग पुन्हा वाचलं. तीन आठवडे झाले आणि मला सांगितलं नाहीस, असं ती इंग्रजीतच म्हणाली. आवाज चढला नव्हता. बाबा गेला तेव्हाही तू असंच केलंस, आधी सगळं आटपलंस आणि मग मला फोन केलास. तू मला कधी काही सांगतच नाहीस, फक्त काय करायचं ते सांगतेस.

अनीश हळूच स्वयंपाकघरात निघून गेला.

अलकनंदाकडे या सगळ्याला उत्तरं होती. तीन दिवस वाटेत तिने तीच जुळवली होती. पण बोलायच्या बेताला अक्षयाची शाल खांद्यावरून ढळली. आतल्या राखाडी टी-शर्टवर छातीशी दोन ओले, गडद डाग पसरले होते.

अक्षयाने घाईने शाल ओढली. मग हात खाली पडले. काल संध्याकाळपासून चाललंय, ती म्हणाली. चार शर्ट बदलले. असं होईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल, माझं लक्ष नव्हतं.

"बाळ नाही हे त्याला कसं कळत नाही?" तिने विचारलं.

दूध थांबवायची गोळी असते. तिचं नाव, तिचा डोस, सगळं अलकनंदाच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं. ती सोफ्याच्या कडेला टेकली आणि मुलीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. बाईचं अंग बाळासाठी आपल्या परीने तयारी करतं, त्याला बातमी उशिराच पोचते, एवढंच ती म्हणाली. अक्षया रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी. अलकनंदाने तिला थांब म्हटलं नाही.

किती तरी वेळाने ती उठली. अनीशला विचारून फ्रिजमधला कोबी काढला, पानं सोलून थंड पाण्यातून काढली आणि शिरा लाटण्याने दाबून मऊ केल्या. न्हाणीघरात अक्षयाला कमोडच्या झाकणावर बसवून दुधाने ठणकणाऱ्या छातीवर, सूज उतरावी म्हणून, ती पानं नीट बसवली आणि वरून मऊ पंचा लपेटला, घट्ट नाही, आधार मिळेल इतकाच. अक्षया हात वर करून निमूट बसून राहिली. मुलगी मोठी झाल्यावर तिचं अंग अलकनंदा पहिल्यांदाच पाहत होती. पाठीवर, मानेच्या खाली, रणजितच्या होता तसाच तीळ होता.

"गार लागतंय?"

"बरं वाटतंय," अक्षया म्हणाली.

ती झोपल्यावर अलकनंदाने टोपलीतले चार शर्ट आणि अंगावरून उतरवलेला पाचवा काढून बेसिनमध्ये भिजवले. थंड पाण्यातच; गरम पाण्याने दुधाचा डाग बसतो. अनीश दाराशी आला, आई, मशीन आहे ना, मी लावतो, म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. "हे हातानेच करते."

बाल्कनीत दोन दोऱ्या होत्या. खाली रस्त्यावरून सायकली चालल्या होत्या, समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत माणसं चहा पीत बसली होती. अलकनंदाने पाचही शर्ट आतल्या दोरीवर घातले. मग घरातून मोठा टॉवेल आणून बाहेरच्या दोरीवर पसरला, दोन्ही टोकं ताणून चिमटे लावले, आणि रस्त्यावरून शर्ट दिसत नाहीत ना, हे वाकून पाहिलं.