दुसऱ्यांदा टेकलेलं डोकं

तालमीच्या भिंतीशी टेकवून ठेवलेली वडिलांची तसबीर जयवंताने पाहिली, आणि तिचं लक्ष आधी गेलं ते डाव्या भुवईकडे. भुवई सलग होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीभोर, मध्ये कुठे खंड नाही.

"कशी झालीया?" वस्ताद मारुतीराव तिच्या मागे उभे होते. "बेळगावच्या पेंटराकडनं करून घेतली. पलटणीतल्या जुन्या फोटोवरनं. भुवईवर वण व्हता, तो मीच गाळाय लावला. देखणा दिसाय पायजे की गडी."

शेवटच्या आजारात तो वण जयवंता रोज ओल्या फडक्याने पुसत असे. भुवईच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी जागा. तिथे केस कधी उगवलेच नाहीत. ज्येष्ठात वडील गेले, तेव्हा त्या वाळलेल्या चेहऱ्यावर ओळखीचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

तसबिरीखाली तांबड्या अक्षरांत ओळ होती : गोऱ्याचं कपाळ फोडणारा कंग्राळीचा एडका, कैलासवासी केदारी.

"हे कुणी लिहायला सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? सगळ्या गावाला ठावं हाय. उद्या झेंडा चढला की लगेच ही चढवायची. तिकडं इंग्रज चालला, आणि हिकडं त्येचं टकुरं फोडणारा आमचा एडका भिंतीवर! पोरांच्या अंगावर काटा आला पायजे."

"आप्पांनी कुणाचं डोकं फोडलं नाही."

मारुतीराव हसले. "मग तो गोरा काय दाराला धडकलता?"

बेळगावच्या मुलींच्या शाळेत जयवंता शिकवत होती. वर्गात ती आवाज चढवत नसे, आणि त्यामुळेच मुली तिला वचकून असत. आत्ताही तिने आवाज चढवला नाही. पदर सावरला आणि तालमीबाहेर पडली. पण गल्लीच्या वळणापर्यंत तिचे कान तापलेले होते.

बेळगावच्या कँपात गोऱ्याशी ती लढत झाली, तेव्हा जयवंता पाळण्यात होती. कुस्तीत नाव काढून केदारी पलटणीत भरती झाला आणि तिथल्या कप्तानाने त्याच्या हातांत बॉक्सिंगचे मोजे चढवले. कुस्तीचा दम अंगात होताच. त्यात डावा हात असा काही चालू लागला, की बघणाऱ्याला शहापुरातल्या मागावरचा धोटा आठवावा. गेला कधी आणि आला कधी, समजत नसे. चढत चढत तो शेवटच्या लढतीपर्यंत गेला. समोर एक उंच गोरा कार्पोरल. पंच साहेब त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे दोरांच्या बाहेर, खुर्चीवर बसलेला.

पहिल्या दोन फेऱ्या केदारीच्या होत्या. हे गोऱ्या शिपायांनीही टाळ्या वाजवून कबूल केलं होतं. तिसरीत दोघेही एकाच वेळी आत घुसले. गोरा खाली वाकला, केदारी वर आला, आणि डोक्यावर डोकं आदळलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. गोऱ्याची भुवई फाटली. केदारीचीही फाटली.

कानांत भणभण चाललेली, डोळ्यात रक्त उतरलेलं. अशा वेळी माणूस विचार करून काही करत नाही. लहानपणापासून अंगाला जे लागलेलं असतं, ते आपसूक होतं. डोक्याला डोकं एकदाच आपटलं तर शिंगं फुटतात, म्हणून लगेच दुसऱ्यांदा हळूच टेकवायचं, हे कंग्राळीत रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. आया पोरांची डोकी धरून टेकवतात. केदारीने दोन पावलं पुढे जाऊन, डोळे धरून वाकलेल्या त्या गोऱ्याच्या डोक्याला आपलं डोकं हळूच लावलं.

पंचाला खुर्चीवरून पहिली टक्कर नीट दिसली नव्हती. दुसरी दिसली.

डॉक्टर आला. गोऱ्याची जखम खोल आहे, लढत पुढे चालवता येणार नाही, म्हणाला. टक्कर चुकून झाली असं ठरतं, तर तोवरच्या गुणांवर निकाल लागला असता आणि केदारी जिंकला असता. पंचाने सुभेदाराला बोलावून विचारायला लावलं, "तू दुसऱ्यांदा डोकं लावलंस का?"

"व्हय, साहेब."

का लावलंस, हे कुणी विचारलं नाही. सुभेदार आपल्याच मुलखातला. त्याला न विचारताही कळलं असणार. पण शिंगांची गोष्ट साहेबाच्या भाषेत सांगून हसं कोण करून घेणार? मुद्दाम डोकं मारलं असं ठरलं आणि कार्पोरलचा हात वर झाला. केदारीच्या भुवईला टाका घालायचं त्या गडबडीत राहूनच गेलं. नाव संघातून गेलं. मोजे परत घेतले.

हे सगळं एका माणसाने अगदी जवळून पाहिलं होतं. नागोजी, गावचाच, पलटणीतला सोबती. केदारीच्या कोपऱ्यात टॉवेल आणि बादली घेऊन तोच उभा होता. रजेवर तो आधी गावी आला, आणि केदारी मागून पोचला तेव्हा वेशीत हलगी वाजत होती. गोऱ्याचं टाळकं फोडून आला म्हणून त्याला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी तो 'एडका' झाला, आणि त्या दिवसानंतर तालमीची पायरी चढला नाही. लोक म्हणाले, पलटणीत गेल्यापासून गर्व झालाय.

जयवंता सहा-सात वर्षांची असताना सांडलेल्या शेंगा वेचता वेचता तिचं डोकं आप्पांच्या डोक्यावर आपटलं होतं. तिने लगेच दुसऱ्यांदा टेकवायला मान पुढे केली. आप्पा मागे सरले. "राहू दे," एवढंच म्हणाले. शिंगं येतील म्हणून ती रडली, रात्रभर कपाळ चाचपत राहिली. त्यांच्या घरात दुसऱ्यांदा डोकं टेकवत नसत, ते तेव्हापासून. का, ते आप्पांनी सांगितलं शेवटच्या आजारात, तिने वण पुसता पुसता विचारलं तेव्हा. सांगून झाल्यावर म्हणाले, "मी जिंकत व्हतो गं, जया."

ती नागोजीच्या घरी पोचली तेव्हा तो अंगणात दोर वळत बसला होता. तिला पाहून उठला.

"ये गं, बाय. च्या टाकायला सांगू?"

"नको. काका, उद्या तुम्ही काय सांगणार आहात?"

नागोजीने दोराचा पीळ सुटू नये म्हणून टोक पायाखाली दाबलं. "दरवर्षी सांगतो तेच."

"खोटं."

"लोकास्नी तेच पायजे, जया."

"तुम्हाला काय पाहिजे होतं?"

त्याने दोराचा पीळ चाचपला. "हे बघ. माणूस हरून आलता. शिंगाचं सांगितलं असतं, तर बाया पाणवठ्यावर हसल्या असत्या. म्हटलं, हरला तर हरला, पर मारून हरला असं तर हुंदे. त्येच्यासाठीच केलं की मी."

"ते तालमीत परत कधी का गेले नाहीत, एकदा तरी विचारलंत?"

दोराचं टोक पायाखालून निसटलं आणि पीळ सरसर उलगडत गेला. नागोजीने तो धरला नाही.

"उद्या मी सगळ्यांसमोर विचारणार आहे," जयवंता म्हणाली. "खोटं सांगायचं असेल तर माझ्याकडे बघून सांगा."

सकाळी झेंडा चढला. पेढे वाटले. तालमीत दाटी झाली. पुरुष लाल मातीच्या कडेने, बायका दाराशी. मारुतीरावांनी इंग्रजांपासून सुरुवात केली आणि फार वेळाने केदारीपर्यंत आले. मग म्हणाले, "आता डोळ्यांनी बघणारा माणूस सांगंल. नागोजी, ऊठ."

नागोजी उठला. "तिसरी फेरी व्हती. गोरा लई माजलेला. केदारीनं डोकं असं मागं घेतलं, आणि..."

"काका," जयवंता दाराशी उभी राहिली. "दुसऱ्यांदा डोकं का लावलं त्यांनी?"

सगळ्या माना वळल्या. मारुतीराव म्हणाले, "तायसाब, मागनं विचारा की."

"एकदा फोडायला लावलं म्हणता. फुटलं. मग दुसऱ्यांदा, हळूच, कशाला लावलं?"

नागोजीने तिच्याकडे पाहिलं. मग तसबिरीकडे. मग मातीकडे बघत म्हणाला, "शिंगं येऊ नयेत म्हणून."

मग बायकांतून म्हातारी बायाक्का फिसकन हसली. "अगं बया! गोऱ्याला शिंगं येतील म्हणून?" आणि सगळी तालीम हसू लागली. साहेबाला जे कधी कळलं नाही, जे सांगायला सुभेदाराची जीभ रेटली नाही, ते इथे लंगोटातल्या पोरापासून सगळ्यांना एका शब्दात कळलं होतं. कुणी डोळे पुसत होतं, कुणी शेजाऱ्याच्या डोक्याला डोकं लावून दाखवत होतं.

जयवंता हसू थांबायची वाट बघत उभी राहिली. तिला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की आपल्याला हलकं वाटेल. तिच्या मुठी वळल्या होत्या.

"हसून झालं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला तो तिलाच अनोळखी वाटला. "चुकून डोकं लागलं. त्या गोऱ्याला बाधू नये म्हणून त्यांनी पुन्हा टेकवलं. समोरच्याचं भलं बघायला गेले आणि त्याच्यापायी हरले. साहेबानं हरवायला म्हणून ठरवलं, मुद्दाम मारलं. तुम्ही मिरवायला ठरवलं, मुद्दाम मारलं. ते बुक्क्यांनी जिंकत व्हते! त्याचं कुणालाच काय न्हाय. ती खालची ओळ खोडा. आणि भुवईवरचा वण परत रंगवा."

"आणि काय लिहू?" मारुतीरावांचा चेहरा लाल झाला होता. "शिंगाच्या भीतीनं हरलेला पैलवान? आजच्या दिवशी? पोरांनी काय घ्यायचं त्यातनं?"

"जिंकत असताना थांबवलं, असं लिहा."

"ह्या भिंतीला एडका पायजे, तायसाब. तुमचा आप्पा तुमच्याजवळ ठेवा."

"ठेवते," जयवंता म्हणाली.

लोक वाट देत मागे सरले. बायाक्का "अगं पर बाय, रागानं न्हाय हसले मी," असं काहीतरी म्हणत तिच्या पदराला झोंबली. जयवंताने पदर सोडवून घेतला. तसबीर जड होती, सागवानी चौकट. ती उचलायला वाकली, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने नागोजी वाकला.

दोघांची डोकी आदळली. दाराशी उभ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या जोरात.

नागोजीचं मुंडासं सरकलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. लागल्याचं की कशाचं, त्याचं त्याला माहीत. तो सवयीने पुढे आला आणि त्याने मान झुकवली. पांढरे केस, मधला विरळ भोवरा, हातभर अंतरावर. तो थांबला होता. सगळी तालीम थांबली होती.

जयवंताचं कपाळ ठणकत होतं. ती तसबीर छातीशी धरून सरळ उभी राहिली.

"राहू दे, काका," ती म्हणाली.

तो तसाच वाकलेला राहिला. ती पायऱ्या उतरून बेळगावच्या रस्त्याला लागली. तांबडी ओळ घासून काढायला रॉकेल लागेल, वण परत रंगवायला एखादा बरा पेंटर. कपाळावर टेंगूळ येत होतं. तिने हात लावून पाहिलं नाही.