उलटलेली होडी

वाइनरीतून बाहेर पडताना चिमीचे गाल लाल झाले होते. चाखायला दिलेला प्रत्येक पेला तिने शेवटच्या थेंबापर्यंत संपवला होता. वहिनीने नुसते ओठ ओले केले होते. दादाचं उन्हाने डोकं दुखू लागलं म्हणून तो हॉटेलवर जाऊन झोपला, आणि नणंद-भावजय दोघीच तलावावर गेल्या.

होडीवाल्याने दोघींना एक कयाक, म्हणजे दोघांपुरती अरुंद होडी दिली, लाइफ जॅकेटं कसून बांधली आणि बजावलं, "दुपारी डोंगरावरून वारा सुटतो. पाणी वितळलेल्या बर्फाचं आहे, काठ सोडू नका."

"काठाकाठाने तर बदकंही जातात," चिमी वहिनीला म्हणाली आणि पुढे बसून सपासप वल्हं मारू लागली.

वहिनीला पोहता येत नव्हतं. सहलीला येऊन रडगाणं कशाला, म्हणून तीही मागे बसून वल्हं मारू लागली.

उतारावरचे द्राक्षमळे लहान लहान होत गेले. मग पाणी काळपट दिसू लागलं आणि वारा अंगावरच आला.

"चिमे, मागे वळव."

चिमीने घाईघाईने वळवली. होडी लाटेला आडवी झाली आणि पालथी पडली.

गारठ्याने वहिनीचा श्वास छातीतच अडकला. हाताला होडीची कड लागली, ती तिने धरली. चिमी खोकत तिच्याजवळ आली.

"मी पोहत जाऊन कुणाला तरी आणते."

"जाऊ नकोस." चिमी बुडेल म्हणून आपण अडवतोय की एकटं पडू म्हणून, हे वहिनीला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

दोघींनी ओरडून पाहिलं. आवाज वाऱ्यातच विरला. थोड्या वेळाने चिमीचे दात वाजायचे थांबले. वहिनीला त्याचीच जास्त भीती वाटली.

"वहिनी, झोप येतेय गं."

वहिनीने एक हात होडीवरून काढून तिच्या जॅकेटच्या पट्ट्यात अडकवला. "झोपायचं नाही. मला शिव्या दे. माझं लग्न झाल्यापासून साठवल्या असशील, त्या सगळ्या दे."

"तू... कंजूष आहेस."

"अजून."

"दादाला तोडलंस आमच्यापासून."

तशा पाण्यातही ते वहिनीला लागलं. "अजून बोल, चिमे."

चिमीची मान कलंडली. वहिनी तिचं तोंड पाण्याबाहेर धरून नावाने हाका मारत राहिली. वारा सुटलेला पाहून होडीवाला मोटरबोट घेऊन शोधायला निघाला होता. त्याने चिमीला वर ओढलं, तेव्हा वहिनीची बोटं पट्ट्यातून सोडवावी लागली.

दवाखान्यात गरम पांघरुणांखाली चिमी शुद्धीवर आली. धोका टळलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा धापा टाकत आला आणि तिच्या पायाशी बसून पांघरूण नीट करू लागला.

चिमीचे डोळे मिटू लागले, तशी वहिनीने तिला हलवलं. पुन्हा मिटले, पुन्हा हलवलं.

"अहो, झोपू द्या त्यांना आता," नर्स म्हणाली.

वहिनीने मान डोलावली. नर्स वळताच तिने चिमीच्या नाकाखाली बोट धरलं, आणि बोटाला तिचा श्वास लागला तरी ते काढलं नाही.