दसरूचे शिंगवाले गार्ड

ते २०१५ साल. मार्च महिना, बाजाराचा दिवस. एटापल्लीच्या दवाखान्यात मी धुरपताच्या मांडीला सातवा टाका घालत होते आणि ती हूं की चूं करत नव्हती. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"बाई, माही चिचेची टोपली कुठी हाये वं?"

"टोपलीचं राहू दे. हलू नको."

"राहू दे म्हंते! दोन दिवस झाडावर चढून झोडली मी ते चिच."

टोपली दारात होती आणि टोपलीजवळ दसरू उभा होता. बाजाराच्या तोंडाशीच त्याचं वेल्डिंगचं दुकान. धुरपताला सायकलवर बसवून त्यानंच आणलं होतं, आणि टोपलीही. त्याच्या मागे भिंतीला टेकून जीपवाला विक्की पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "पहिल्या गिअरमंदी होती गाडी, बाई. आईशपथ. माणूस चालते तेवढ्या स्पीडनं. धक्काच लागला फक्त."

"धक्क्यानं असं फाटतं होय रे?" मी म्हटलं.

जखम विचित्रच होती. गुडघ्याच्या जरा वर सुरू होऊन मांडीत वर गेलेली, आणि सरळ नाही, वळत गेलेली. दसरू पुढे आला. त्यानं हात न लावता जखमेवर तीन बोटं धरली, तिचा वाक जोखला आणि बोटं मिटून घेतली.

"शिंग लागलं," तो म्हणाला. "माह्यं."

हे कळायला तेव्हाच्या जीपा पाहिलेल्या हव्यात. पुढे लोखंडी पाइपांचा गार्ड बसवल्याशिवाय त्या रस्त्यांवर कोणी जीप घालत नसे. रानडुक्कर आडवं आलं आणि रेडिएटर फुटलं, तर पुढचं गाव बारा किलोमीटरवर, आणि मोबाइलला रेंज नाही. गार्ड सगळेच वेल्डर करून देत, पण दसरू आधी विचारी, "कोन्या रस्त्यानं जाते गाडी, भाऊ?" नाल्यातून जाणारी असेल तर तो खालचा पाइप दोन्ही टोकांना वर उचलून घेई, काठ चढताना आधी चाक टेकावं, गार्ड नाही. बांबूच्या जंगलातली असेल तर दिव्यांपुढे उभ्या सळया देई. आणि सगळं झालं की दोन्ही कोपऱ्यांना दोन शिंगं. भरीव सळईची, पुढे येऊन वर वळलेली, टोकाला निमुळती. रानगव्यासारखी.

शिंगांचा उपयोग काही नव्हता, ती निव्वळ शोभा. पण गिऱ्हाईक यायचं ते शिंगांसाठीच. लग्नाची वरात निघाली तर नवरदेव शिंगवाल्या जीपमध्येच बसायला मागे. लसीकरणाला मी त्याच जीपांतून हिंडले आहे. वळणावर जीप दिसली की पोरं ओरडत सुटायची, "गवा आला, गवा आला!" खरं सांगायचं तर मलाही ती शिंगं फार आवडायची. ती माणसाच्या मांडीच्या उंचीवर येतात, हे माझ्याही कधी डोक्यात आलं नाही.

पुढच्या बाजाराला दसरू आरी घेऊन जीपस्टँडवर उभा राहिला. वही त्यानं कधी ठेवली नव्हती, पण कुठल्या गाडीला आपली शिंगं आहेत ते त्याला तोंडपाठ होतं. एकोणीस गाड्या. तो एकेकाला म्हणे, "गार्ड राहू दे, भाऊ. फक्त शिंग काढून देतो."

"काऊन? गव्याची गाय करून राह्यला का?"

"गाय तं गाय. मारत तं नाई."

"पह्यले मी तुह्या मांगं फिरत होतो शिंगासाठी, आता तू माह्या मांगं फिरून राह्यला!"

लोक हसत. कोणी बिडी संपेपर्यंत त्याला ताटकळत ठेवी आणि मग म्हणे, कर बाप्पा लवकर. महिनाभरात अठरा गाड्यांची शिंगं उतरली. कापल्या जागी त्यानं गोल, गुळगुळीत टोपणं बसवून दिली. राहिली एक, विक्कीची. तो काही शिंगं काढू देईना.

मी स्टँडवर जीपची वाट पाहत होते, तेव्हा दोघांचं बोलणं कानावर पडलं.

"दसरूभाऊ, मी शिंग कापलं म्हंजे गुन्हा कबूल केला. मंग अख्खा बाजार म्हणीन, विक्कीनंच बाई फाडली."

"कोनी नाई म्हनत."

"आता नाई म्हनत. कापलं का म्हनतीन."

माझ्याकडे पाहून दसरू ओशाळं हसला. विक्कीची जीप सुटली तेव्हा मला म्हणाला, "बाई, ते गाडी बाजारात शिरली का मी हातातलं काम सोडून लोकाइच्या पायाकडं पाहातो. कोनाचा पाय आता. असं किती दिवस चालन?"

विक्की वाईट मुलगा नव्हता. दवाखान्यावरून जाताना तो मान वळवून दुसरीकडे बघे, हे मी रोज पाहत होते.

एप्रिलच्या अखेरीस धुरपताच्या गावानं बैठक बोलावली. तिथली रीतच ती. कोणाच्या हातून कोणाला इजा झाली की गाव बसतं, विचारतं आणि दंड सांगतं. मी त्या दिवशी तिचा पाय बघायला गेले होते, तशीच एका कडेला बसले. विक्की जीप घेऊन आला होता आणि जीपसमोरच हाताची घडी घालून उभा होता. गावचा म्हातारा मंगरू बोलायला तोंड उघडतो न उघडतो तोच, न बोलावलेला दसरू उठला.

"गाडी विक्कीची हाये, पण शिंग माह्यं. गाडी हळूच होती. शिंग नसतं तं धुरपता धुळीत पडली असती अन् शिव्या देत उठली असती. दंड मले लावा."

मग धुरपताच बोलली.

"शिव्या तं मी आताबी देईन."

बायका फिसकन हसल्या. मंगरू हसला नाही. "तू मधी काऊन आला, दसरू? तुले कोनी नाव ठेवलं का?"

"नाई ठेवलं, म्हनून तं झोप येत नाई."

म्हातारा धुरपताकडे वळला. "सांग पोरी. काय पायजे?"

धुरपतानं जखमेचा पाय पुढे केला. "हा वाकत नाई आता. झाडावर कशी चढू मी? ते शिंग मले दे. लंब्या बांबूले लावून आकडी करून दे. खालूनच फांदी ओढीन अन् चिच पाडीन."

"शिंगं तं दोन हायेत. दुसरं?"

"दुसरं माह्या जाऊले. नाईतं माहीच आकडी मांगन रोज."

आता सारं गाव विक्कीकडे पाहू लागलं. त्याला कोणी काही म्हटलं नव्हतं, दोष तर दसरूनं आधीच घेऊन टाकला होता. दसरूनं पिशवीतून आरी काढली तसा विक्की दोन पावलं पुढे आला.

"द्या इकडं. माही गाडी हाये. मी कापतो."

भरीव सळई ती, सहज थोडीच कापली जाते. विक्कीला सवय नव्हती. आरी दोनदा अडकली, दसरूनं गार्ड पायानं दाबून धरला. कोणी उठून गेलं नाही. पहिलं शिंग हातात आलं तेव्हा विक्कीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. ते घेऊन तो धुरपतापाशी गेला. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. शिंग तिच्यापुढे जमिनीवर ठेवून एवढंच म्हणाला, "हात नको लावू, गरम हाये अजून."

दोन वर्षांनी, २०१७च्या डिसेंबरात, सरकारनंच गाड्यांवरचे गार्ड काढायला लावले. दसरूनं आपल्या हातांनी केलेले गार्ड आपल्याच हातांनी उतरवले. त्यानंतर तो धंदा संपला.

मंगरू त्याच वर्षी पावसाळ्याआधी वारला होता. विक्कीनं जीप विकली. आता आलापल्लीला रुग्णवाहिका चालवतो आणि भेटला की वाकून नमस्कार करतो. धुरपता लंगडतच चालते, पण चिंचेच्या दिवसांत गावात सगळ्यांच्या आधी टोपली भरते ती तिचीच. जावेशी तिचं आता बोलणं नाही. का, ते दोघीही वेगवेगळं सांगतात.

दसरूचे डोळे गेले. इतकी वर्षं काच न लावता वेल्डिंग केलेलं, मी किती वेळा रागावले असेन. दुकान त्याची मुलगी चंचल चालवते. फाटकं करते, खिडक्यांच्या जाळ्या करते. निवृत्त झाल्यावर मी चामोर्शीला राहायला आले, आणि गेल्या वर्षी कुंपणाला लोखंडी फाटक तिच्याकडूनच करून घेतलं. फाटक टेम्पोतून आलं तेव्हा पुढच्या सीटवरून दसरूही उतरला.

"बाई, म्हाताऱ्या झाल्या असान आता," तो म्हणाला.

"तुला दिसतं होय रे?"

"आवाजावरून कळते ना."

चंचलनं फाटक बिजागरीवर चढवलं, दोनदा उघडून-लावून दाखवलं आणि सामान आवरायला लागली. दसरू चाचपडत फाटकाशी आला. वरच्या कडेपासून त्यानं तळहात फिरवायला सुरुवात केली. एकेका गजावरून, प्रत्येक जोडावरून, खाली खाली. मग गुडघे टेकून तो बसला आणि लहान मूल जिथे हात धरील तिथे त्याचा हात थांबला.

"चंचल, इथी."

"काय झालं, बाबा? घासलं ना मी."

"इथी टोचते अजून."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भरलेल्या पेटीतून ग्राइंडर पुन्हा बाहेर काढला.