लाल डब्याची पूजा

दसऱ्याच्या पूजेत अग्निशामकही मांडायचा, हा हट्ट प्रणालीचाच होता.

अमरावतीजवळ भातकुली रस्त्यावरच्या तलावात तिच्या काकांच्या, वामनरावांच्या, दोन मोटारबोटी चालत. प्रणाली फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली. नोकरी लागेपर्यंत बोटींच्या सुरक्षिततेचं काम तिनं अंगावर घेतलं आणि राजापेठेतून रोज स्कुटीनं यायला लागली. प्रत्येक बोटीत तिनं आग विझवायच्या कोरड्या पावडरीचा छोटा लाल डबा लावून घेतला. पेट्रोलच्या टाकीपासून लांब, पण चालवणाऱ्याचा हात सहज पोचेल असा. टाकीजवळच आग लागली तर टाकीशेजारचा डबा घ्यायला कोण जाईल, असं ती विचारायची.

अंकुर आणि बोटीवरची बाकीची पोरं त्या डब्याला ‘ताईचा थर्मास’ म्हणायची. "ताई, चहा गरम राह्यते का व यात?" असं चुलतभाऊ पियुषच सगळ्यांदेखत विचारायचा. पियुष पहिली बोट चालवायचा. वामनरावांचा हा मुलगा प्रणालीहून वर्षभरानं लहान होता.

थट्टा थांबावी म्हणून तिनं पूजेची युक्ती काढली. ज्याला हळदकुंकू लागतं त्याला आपली माणसं पाय लावत नाहीत, हे तिला माहीत होतं. म्हणून दसऱ्याला इंजिन, वल्हं, दोरखंड आणि त्यांच्या शेजारी दोन्ही डबे मांडले गेले. कौशल्याकाकूनं सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिली आणि पूजेचा लाल दोरा बांधत गेली. पहिल्या बोटीच्या डब्यापाशी तिला दोरा कुठं बांधावा कळेना. वर मूठ होती, मुठीत पिन होती, पिनेला कडी होती. छान जागा सापडल्यासारखा तिनं दोरा कडीतून ओवला, मुठीभोवती घट्ट फिरवला आणि गाठीवर गाठ मारली. दुसऱ्या डब्याला गळ्याशी बांधला.

प्रणालीनं पाहिलं. पिन ओढल्याशिवाय मूठ दाबली जात नाही, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. पण काकू हात जोडून उभी होती, आणि पूजेचा दोरा कापायचा नसतो, तो आपोआप गळू द्यायचा, ही घरची रीत होती. शिवाय त्या दिवशी पहिल्यांदाच डब्याला कोणी हसत नव्हतं. सुती दोरा आहे, झटका दिला की तुटेल, असा अंदाज तिनं बांधला. प्रयोगशाळेत असा अंदाज तिनं एकदाही ओढून बघितल्याशिवाय लिहून दिला नसता.

नंतर डबे तपासताना ती दाबाच्या काट्याकडे बघायची. काटा हिरव्या पट्ट्यात असायचा. दोऱ्याकडे नजर गेली की ती पुढं सरकायची. दोऱ्यावर रोज पाणी उडत होतं, ऊन लागत होतं. भिजलेला सुती धागा फुगतो आणि गाठ आवळते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

दिवाळीच्या सुटीत अकोल्याचं एक कुटुंब पियुषच्या बोटीत बसलं. तलावाच्या मध्यावर पेट्रोलची नळी सांध्यातून सुटली आणि इंजिनानं पेट घेतला. पियुषनं टाकीचा कॉक बंद केला, माणसांना पुढच्या टोकाला पिटाळलं आणि डबा उचलला. कडी ओढली. पुन्हा ओढली. दातानं ओढली. शेवटी डबा टाकून दिला, सीटवरचं पोतं पाण्यात बुचकळलं आणि दोन्ही हातांनी इंजिनावर दाबून धरलं. आग विझली. दुसऱ्या बोटीनं त्यांना काठावर ओढून आणलं. प्रवाशांना ओरखडाही आला नाही. पियुषचा उजवा तळवा मात्र भाजला.

त्यानं आग विझवली, हे संध्याकाळपर्यंत कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. अकोल्याच्या पाहुण्यांनी मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्यात पियुष डब्याशी झटापट करताना दिसत होता आणि मागून एका बाईचा आवाज येत होता, "अवो, याले तं डब्बा उघडताच नाई येत!" ते चित्रण अर्ध्या अमरावतीच्या मोबाईलवर फिरलं. प्रणालीनं ते घाटावर उभ्या उभ्या थांबवून पाहिलं. बोटांच्या मधून दोऱ्याचं लाल टोक दिसत होतं. ज्याला माहीत असेल त्यालाच दिसलं असतं.

घाटावरच्या खोलीत वामनराव येरझाऱ्या घालत होते. पियुष खाटेवर बसला होता, हाताला पट्टी. काकू त्याला पोळीभाजी भरवत होती.

"इतक्या खेपा ताईनं शिकवलं तुले," वामनराव म्हणाले. "ऐन टायमाले काय झालं?"

"गडबडलो, बाबा."

"गडबडला! माणसं होती लेका बोटीत. उद्यापासून तू तिकिटाच्या खिडकीवर बस. बोट अंकुर चालवन."

"बरं."

"बरं काय? त्या पोरीचं तोंड पाह्य. तिची मेहनत पाण्यात घातली तुनं."

प्रणालीचे कान तापले. पियुषनं तिच्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. बोलू नको, एवढाच त्याचा अर्थ. त्याला सगळं माहीत होतं. दोरा त्याच्या दातात आला होता.

गप्प बसणं सोपं होतं. पियुषच तशी परवानगी देत होता. पण वामनराव तिच्याकडे कौतुकानं आणि कीव आल्यासारखं बघत होते, आणि ते तिला सहन होईना.

"काका, तो गडबडला नाई," ती म्हणाली. "पिन बांधलेली होती. पूजेच्या दोऱ्यानं."

काकूचा हात घास घेऊन तसाच थांबला. "म्हंजे म्या..."

"नाई काकू. तुले पिन काय असते ते माहीत नोयतं. मले माहीत होतं. तू बांधत होती तवा मी समोर उभी होती. नंतरही रोज पाहून राह्यली होती."

"मंग कापला काहून नाई?" वामनरावांनी विचारलं.

तिनं उत्तर शोधलं. रीत, काकूचा मान, गर्दी, सगळी उत्तरं हाताशी होती आणि प्रत्येकात दुसऱ्याचं नाव होतं.

"पूजा झाल्यावर माह्या डब्याले कोणी हसत नोयतं," ती म्हणाली. "म्हून."

वामनराव खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "बोट पियुषच चालवन. हात बरा झाल्यावर. अन् त्या अकोल्याच्या पाव्हण्याले तू फोन करशीन. हेच सांगशीन, जसं आता सांगतलं तसं."

"हो."

"काहून सांगतलं व ताई?" पियुष हळूच म्हणाला. "मी खिडकीवर बसलो असतो तं काय मेलो असतो? आता आई जलमभर ‘म्याच बांधला’ घोकत बसन."

काकू रडत नव्हती. हातातला घास ताटात पडला होता. पोराच्या पट्टीकडे ती बघत होती, आणि बघवत नसल्यासारखी भिंतीकडे वळत होती. शेवटी तिनं ताट प्रणालीपुढं सरकवलं.

"तू भरव त्याले. माह्यानं नाई होत."

प्रणाली खाटेच्या कडेला बसली. तिनं पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि पुढं केला. पियुषनं तोंड उघडलं, घास घेतला. तिच्याकडे पाहिलं नाही.