डब्यात कोंडलेला सतरा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. लुडोतला सहा तोंडांचा नव्हे हं, त्याच्याशी माझी सोयरीक लावू नका. मला चांगली वीस तोंडं आहेत आणि प्रत्येकावर एक आकडा. आकडे झिजले, तेव्हा साक्षीने त्यांत आपली लाल नेलपॉलिश भरली. तेव्हापासून मी जरा नटवा दिसतो, पण माझी तक्रार नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तिथलं मला काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते आखाडा बाळापूरला, साक्षीच्या घरी. साक्षीचा मोठा भाऊ प्रमोद पुण्यात नोकरीला असतो. तिथे तो एक खेळ शिकला आणि सुट्टीत येताना मला आणि नियमांचं पुस्तक घेऊन आला. खेळ मोठा गमतीचा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. अवघड काम पुढे आलं की मला टाकायचं. मोठा आकडा पडला तर काम फत्ते, लहान पडला तर फजिती.

गोष्ट साक्षी सांगायची, निवाडाही तिचाच. जवळच्या बंजारा तांड्यावरची मिना ही तिची जिवाभावाची मैत्रीण. ती चोर व्हायची. मिनाचा भाऊ विकास तलवारबाज. मिनाने आपल्या चोराचं नाव सावळी ठेवलं होतं आणि तिला पोटच्या लेकरासारखं जपलं होतं. वीस पडला की मिना मला कपाळाला लावायची. एक पडला की विकास मला रांजणाखाली कोंबायचा, म्हणे थंड हो जरा! मी सगळं हसत सोसलं. दर रविवारी कुणीतरी आपली वाट पाहतं, यापरतं फाशाला आणखी काय हवं?

आणि अशाच एका रविवारी घात झाला. गोष्टीतली सावळी किल्ल्याच्या तळघरात अडकली होती. अंगात जीव थोडाच उरलेला, बाहेर जायला दार एकच आणि दारात पहारेकरी. विकासचा तलवारबाज त्याला समोरून भिडला. तेवढ्यात सावळी अंधारातून गुपचूप त्याच्या पाठीशी गेली. मिनाने मला टाकलं. सतरा! मी स्वतःवरच खूश झालो. वार लागला होता. आता सवाल एवढाच, की तो साधा धरायचा की दुप्पट. पुस्तकात लिहिलंय, समोरच्याला चोराचा पत्ता नसेल तर चोराने मागून केलेला वार दुप्पट धरावा. दुप्पट धरला तर पहारेकरी आडवा. साधा धरला तर तो वळणार आणि सावळी संपणार.

साक्षी म्हणाली, साधा. लढाई सुरू झालेली, तलवार उपसलेली, डोळे टक्क उघडे, मग असा माणूस गाफील कसा? मिना म्हणाली, त्याला विकास दिसून राहिला, मी कुठं दिसून राहिले? दोघी हट्टाला पेटल्या. विकास मध्ये पडायला गेला, तर दोघींनी त्यालाच गप्प बसवलं. आणि मग साक्षीच्या तोंडून नको ते निघालं.

"तुला बराबर जमतंय हे चोराचं. तांड्यावरचीच ना तू."

मी नुसता प्लॅस्टिकचा, पण माझ्याही काळजात चर्र झालं. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी आधी तांड्याकडे बोट दाखवणारी माणसं आहेत. मिना ते लहानपणापासून ऐकत आली होती. साक्षीच्या ओसरीवर मात्र तिने ते कधी ऐकलं नव्हतं. तिने चपला घातल्या आणि निघून गेली. विकासही मागोमाग गेला.

साक्षीने सगळा राग माझ्यावर काढला. आईच्या, म्हणजे जनकाबाईंच्या, पानाच्या पितळी डब्यात मला फेकलं आणि झाकण दाबलं. जनकाबाईंनी पान कधीच सोडलेलं. तो डबा कुणी उघडतही नव्हतं.

आत काय होतं म्हणून सांगू! किट्ट काळोख, वाळलेला कात, आणि माझ्या उरावर गंजका अडकित्ता. माझा सतरा खाली दबला, वर आला चार. ओरडावं तर तोंडं वीस, पण आवाज एकालाही नाही. बाहेरचं तेवढं ऐकू यायचं. जनकाबाई विचारायच्या, मिना काहून येत न्हाई? साक्षी म्हणायची, अभ्यास हाय तिला. सावळी तळघरात, मी डब्यात. ती मेली नव्हती आणि सुटलीही नव्हती. मला वाटे, आता इथंच कुजायचं. पण प्लॅस्टिकला धड कुजताही येत नाही हो.

उन्हाळा आला. जनकाबाईंनी गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घातल्या. वाऱ्याने साडी उडू नये म्हणून साक्षीने हाताला लागेल ते जड सामान तिच्या टोकांवर ठेवलं, त्यात आमचा डबाही. आत मी आहे हे ती साफ विसरली होती. पितळ असं तापलं की मी वितळतो की काय असं झालं.

मग वानरं आली. पुढचं मला साक्षीच्याच तोंडून कळलं. एक दांडगं वानर कठड्यावर बसून तिला दात विचकू लागलं. ती काठी घेऊन त्याच्यासमोर ठाकली, डोळ्यांत तेल घालून. आणि दुसऱ्याने मागून पाय न वाजवता येऊन कुरडयांसकट साडीच ओढली. डबा जिन्यावरून गडगडत खाली अंगणात आपटला, झाकण उडालं आणि मी उन्हात येऊन पडलो.

साक्षी धावत खाली आली. जनकाबाई वैतागल्या. झोपली होतीस का गं, म्हणाल्या.

"न्हाई माय, जागीच होते. पण मी समोरच्याला पाहून राहिले होते. मागचं मला काय ठाव?"

बोलता बोलता साक्षी थबकली. तिला मी दिसलो. तिने मला ओढणीने पुसलं आणि कुरडया तशाच टाकून, भर उन्हात तांड्याची वाट धरली.

मिना दारात सुपात ज्वारी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. साक्षीने उभ्या उभ्या वानराची सगळी हकिकत सांगितली आणि नियम आपणच चुकीचा लावला, हे कबूल केलं. घरातून विकासचं हसू ऐकू आलं. मिना हसली नाही.

"नियमाचं जाऊ दे," ती म्हणाली. "गावातले लोक बोलतात, ते समोरून येतं, आमी तयार असतो. तुझ्याकडून येईल हे मला ठावच नव्हतं. म्हणून तुझा वार मला दुप्पट लागला."

साक्षीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चुकलं माझं, एवढंच तिला म्हणता आलं. मग तिने मला बोटांत फिरवलं, सतरा शोधला आणि तो वर येईल असा मला ज्वारीवर अलगद ठेवला.  मिनाने सूप जरा सरकवून घेतलं.

"बस," ती म्हणाली. "पहारेकरी पडला. पुढं सांग."

मित्रांनो, आम्हा फाशांचा जन्मच मुळी टाकण्यासाठी असतो. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मला टाकलं नाही, ठेवलं. तेव्हा मला खुशाल आपटा, रांजणाखाली कोंबा. पण भांडलात म्हणून खेळ डब्यात कोंडू नका. आणि जो तुमच्याकडे पाठ करून निर्धास्त बसतो, त्याच्या पाठीला जपा.