दोघी बहिणींचे वल्हे

मित्रांनो, तलावाकाठच्या बोट क्लबात शिरलात की दाराजवळच्या खुंटीवर एक जुने लाकडी वल्हे दिसेल. ते मीच.

एका सुताराने मला घडवले. हलक्या लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्याने माझा दांडा केला आणि पाते तासून तासून पातळ केले. मग एक डोळा मिटून मला न्याहाळले आणि म्हणाला, "जमलंय." याहून मोठी शाबासकी तो कोणालाच देत नसे.

पुष्कळ वर्षे मी शर्यती गाजवल्या. पुढे प्लॅस्टिकची रंगीत वल्ही आली आणि मी अडगळीत पडले. मला कोणी टाकून दिले नाही, पण कोणी उचललेही नाही. माझ्या व्हार्निशचे पोपडे निघाले. एका कोळ्याने तर माझ्यावर जाळे विणून संसारच थाटला.

एका सकाळी दोन बहिणी क्लबात आल्या, त्या भांडतच. थोरली शिवणकाम करणारी. मोठ्या आजारातून ती उठली होती, पण ऑपरेशननंतर तिचा उजवा हात पार दुबळा झाला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, आता हळूहळू ताकद वाढवा. धाकटी बस चालवायची. दिवसभर बसून बसून तिला एक जिना चढला तरी धाप लागे. तिला सांगितले होते, दम वाढवा.

"सर, वल्हवणं हा दमाचा व्यायाम की ताकदीचा?" धाकटीने विचारले. "ताकदीचा असेल तर ही एकटीच येईल."

आमचे सर जेवतानाही गळ्यातली शिट्टी काढत नसत, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. ते हसून म्हणाले, "आधी होडीत बसा तरी! मग काय ते ठरवू."

थोरलीने सगळी वल्ही हाताळली आणि कोपऱ्यातून मला ओढून काढले. माझ्या मुठीवरून बोटे फिरवून म्हणाली, "हे हातात बसतंय." मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले ते मला सांगता येणार नाही.

सुरुवातीला तिचा हात लगेच थरथरे. "नुसत्या हातानं ओढू नका, पाठ वापरा, कंबरेतून वळा," सर सांगत. मागे बसलेली धाकटी मात्र सपासप पाणी उडवायची. थोरली ओरडे, "अगं, बस तूच चालवतेस, ती तुला सोडून जाणार नाही! सावकाश!"

एकदा आम्ही तलावाच्या मध्यावर होतो आणि समोरून जोराचा वारा सुटला. लाटा होडीवर आपटू लागल्या. धाकटीने घाईघाईने वल्हवून पाहिले आणि तिला भयंकर धाप लागली.

"ताई, मला नाही जमत गं," ती कशीबशी म्हणाली.

थोरलीच्या आजारपणात हीच धाकटी तिला भरवत होती, तिची वेणी घालत होती. थोरली मागे न बघता म्हणाली, "तू श्वास घे. मी आहे ना."

तिने मला खोल बुडवले आणि ओढले. पुन्हा बुडवले, पुन्हा ओढले. तिच्या दंडातली कळ मला मुठीतून कळत होती. होडी फारशी पुढे सरकत नव्हती, पण आडवीही झाली नाही. तेवढ्यात धाकटीचा श्वास ताळ्यावर आला. मग तिने ताईच्या लयीत वल्हे मारायला सुरुवात केली, अगदी सावकाश. पुढे थोरलीचा हात गळून गेला, तेव्हा धाकटीनेच होडी काठाला नेली. सर मोटरबोट घेऊन निघालेच होते. त्यांनी शिट्टी वाजवायची सोडून टाळ्याच वाजवल्या.

"छाती बघा कशी धडधडतेय! हा दमाचाच व्यायाम," धाकटी म्हणाली.

"आणि माझे दंड भरून आलेत ते? ताकदीचाच," थोरली म्हणाली.

"दोन्हींचा," सर म्हणाले. "संथपणे लांबवर गेलात तर दम वाढतो, वाऱ्याशी झुंजलात तर ताकद. पण होडीत पायांना तेवढं काम मिळत नाही. तेव्हा घरी गेल्यावर जिने चढा."

दोघींनी एकदमच कपाळाला हात लावला.

पुढच्याच आठवड्यात थोरलीने मला पॉलिशपेपरने घासले आणि नवे व्हार्निश लावले, तेही उजव्या हाताने. धाकटी मदतीला धावली, तर म्हणाली, "राहू दे. माझं मी करते." धाकटी शेजारी बसून नुसती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी अजून विसरले नाही.

मित्रांनो, आम्हा वल्ह्यांना वापरा, पाण्यातून काढल्यावर पुसून ठेवा, उन्हात टाकू नका. आणि तुमच्या घरी कोणी आजारातून उठले असेल, तर त्यांची भरपूर काळजी घ्या, पण त्यांचे सगळेच काम तुम्ही करू नका. एखादे वल्हे त्यांच्याही हाती द्या.