अंगात येणारी गाडी

दादाचा अंगठा मोडला ती घटना घरात अपघात म्हणून सांगितली जात असे. मला तो शब्द मान्य नव्हता. अपघाताला समोरून येणारे वाहन लागते, निदान खड्डा तरी लागतो. इथे रस्ता कोरडा होता, पूल रिकामा होता आणि दादाची जीप साठच्या वेगाने सरळ रेषेत चालली होती. पुलावरच्या लोखंडी सांध्यावरून पुढची चाके गेली, आणि त्या क्षणापासून ती डावी-उजवीकडे इतक्या जोराने झटके देऊ लागली की स्टीअरिंगचा आरा दादाच्या अंगठ्यावर येऊन आदळला. जीप जवळजवळ उभी राहीपर्यंत हे चालूच होते. नंतर ती शहाण्या मुलासारखी घरी आली.

ही जीप त्याने हौसेने उंच करून घेतली होती. लांब स्प्रिंगा, रुंद टायर, चढायला पायरी. कुठल्याही ओढ्यातून जाईल, असे तो सांगत असे. आमच्या घराच्या आसपास ओढा नाही.

ज्याने ती उंच केली त्या गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. दादाने तक्रार केल्यावर उस्ताद हसून म्हणाला होता, "उंच गाडी आहे साहेब. कधीकधी अंगात येतं तिच्या." 'अंगात येणे' या क्रियापदाची मोठी सोय अशी की त्याला कारण विचारायचे नसते; फक्त उतारा विचारायचा असतो. उस्तादने आधी चाकांचे बॅलन्सिंग केले, मग टायर बदलले आणि शेवटी स्टीअरिंगला एक जाडजूड डॅम्पर बसवला, म्हणजे हादरे गिळणारे नळकांडे. तेव्हापासून जीपच्या अंगात आले नव्हते. दादाच्या मते विषय संपला होता.

उद्या सकाळी बाबांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. रुग्णालय पुलापलीकडे. दादाचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून जीप वहिनी चालवणार होती.

"टॅक्सी सांगू या," मी म्हणाले.

"घरची गाडी दारात असताना?" दादा म्हणाला. "बाबांना काय सांगू, गाडी शोभेची आहे?"

"मला एकदा खालून बघू दे, मग ठरव."

"बघा, बघा. परीक्षक आल्या. पास-नापास करून टाका बिचारीला."

माझी नोकरी एका प्रयोगशाळेत आहे. तिथे धातूचे तुकडे मोडेपर्यंत हलवायचे आणि ते का मोडले हे लिहायचे, एवढेच माझे काम. त्यामुळे डॅम्परविषयी माझे मत दादापेक्षा वेगळे होते. डॅम्पर हादरा दाबतो. हादरा जिथून निघतो ती जागा तो दुरुस्त करत नाही. ताप उतरवणाऱ्या गोळीने गळू बरे होत नाही, इतकेच.

अंगणात मी चाकांना विटा लावल्या आणि जुनी सतरंजी टाकून जीपखाली शिरले. वहिनीला इंजिन चालू करून स्टीअरिंग थोडेसेच डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगितले. गाडीचे सगळे वजन चाकांवर असतानाच ही तपासणी खरी होते. सांधे ओझ्याखाली असले की मगच बोलतात.

पुढच्या ॲक्सलला एक आडवा दांडा असतो. त्याचे एक टोक ॲक्सलला, दुसरे वर चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडी पट्टीत बोल्टने अडकवलेले. ॲक्सल बाजूला सरकू नये एवढ्याचसाठी तो असतो. त्याच्या वरच्या टोकाशी मी बोट ठेवले. वहिनीने स्टीअरिंग डावीकडे नेले. टिक. उजवीकडे नेले. टिक. दांड्याचे टोक हलत होते आणि पट्टी जागची हलत नव्हती. मधला बोल्ट आपल्या भोकात येरझारा घालत होता. बोटाला जाणवत होते, ते भोक आता गोल राहिलेले नव्हते.

"सापडलं," मी बाहेर येऊन म्हणाले. "बोल्टाचं भोक लांबट झालंय. ॲक्सल बाजूला सरकतो, चाकं वळतात, परत येतात, परत वळतात. डॅम्पर आहे म्हणून कळत नाही. आणि कळत नाही म्हणून भोक रोज थोडं वाढतंय."

दादाने वाकून जीपखाली पाहिले. मग म्हणाला, "बोल्ट सैल आहे असं सरळ सांग की. एवढं पुराण कशाला?"

त्याने वहिनीला पान्हा दिला, पान्ह्याला नळीचा तुकडा जोडून दिला, आणि जोत्यावर बसून सूचना देऊ लागला. वहिनीचे मनगट आमच्या घरातले सगळ्यात मजबूत. तिने बोल्ट असा आवळला की नळी वाकली.

"आता कर तुझी चाचणी," दादा म्हणाला.

मी पुन्हा आत शिरले. इंजिन चालू. डावीकडे, उजवीकडे. बोटाखाली काहीच नाही. मी बराच वेळ थांबले. टिक आलीच नाही.

"काय म्हणतायत परीक्षक?"

"काही लागत नाही."

"म्हणजे पास."

याचे उत्तर माझ्याजवळ होते, पण ते पुरावा म्हणून मांडता येण्यासारखे नव्हते. लांबट भोकातला बोल्ट नुसत्या आवळण्याच्या जोरावर धरून राहतो, पहिला खरा धक्का बसेपर्यंत. आणि तो धक्का उद्या पुलाच्या सांध्यावर, बाबा शेजारी बसलेले असताना बसणार होता. परंतु चाचणी माझी होती, आणि तिने माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती.

वहिनी हात पुसत म्हणाली, "तूच नेहमी म्हणतेस ना, दिसेल ते मानायचं?"

"म्हणते. म्हणून अजून एकदा बघायचंय. तुझं नेलपॉलिश दे."

"आता शृंगार," दादा म्हणाला.

मी बोल्टाच्या डोक्यावरून त्याखालच्या वायसरच्या चकतीवर आणि तिथून पट्टीवर अशी एक सरळ लाल रेघ ओढली आणि ती वाळू दिली. काहीही सरकले तर रेघ मोडेल. नाही सरकले तर मी दादाची माफी मागेन आणि उद्या स्वतः मागच्या सीटवर बसेन. दादाला ही अट फार आवडली. माफी कोणत्या शब्दांत मागायची, तेही त्याने सुचवले.

वसाहतीच्या मागे रेल्वेच्या मालधक्क्याकडे जाणारा रस्ता आहे. त्यावर गतिरोधक आहेत आणि पाईपलाईनसाठी खणून अर्धवट बुजवलेले चर आहेत. वहिनीने जीप हळूच नेली, मी शेजारी. प्रत्येक चरावर मी तिच्या हातांकडे पाहत होते. स्टीअरिंग एकदाही थरथरले नाही. जीप इतकी निमूट चालत होती की वहिनी हळूहळू सैल झाली, सीटला टेकली, तिने मला बाबांच्या डोळ्यांच्या थेंबांविषयी विचारले. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. थरथरली असती तर मला बरे वाटले असते.

परत आल्यावर अंगणात ऊन उतरले होते. मी सतरंजी उचलली, तसे वहिनीने ती माझ्या हातून घेतली.

"मी बघते. चालवायची मला आहे."

टॉर्च घेऊन ती आत गेली. तिचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. दादा जोत्यावरून वाकून म्हणाला, "आहे ना रेघ?"

"आहे."

"झालं तर मग."

"दोन आहेत," वहिनी म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला ग्रीस लागले होते. ते तिने पुसले नाही. दादा स्वतः खाली गेला, प्लास्टरचा हात छातीशी धरून, आणि बाहेर आला तेव्हा त्याला कोणतीही थट्टा सुचलेली नव्हती. एवढ्या सावकाश फेरीत वायसरची रेघ पट्टीच्या रेघेपासून नखभर बाजूला गेली होती.

"डॅम्पर बसवल्यापासून," वहिनी हलकेच म्हणाली, "पोरीला रोज याच गाडीतून क्लासला सोडतेय मी. पुलावरून."

दादाने किल्ली काढून तिच्या हातात दिली. तिने ती माझ्या हातात दिली, आत गेली आणि बाबांना सांगितले की उद्या टॅक्सीने जायचे आहे. बाबांनी का म्हणून विचारले नाही. फक्त किती वाजता, एवढेच विचारले.

दादाने उस्तादला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि आडव्या दांड्याचा बोल्ट सरकतो आहे असे सांगितले. उस्ताद मोकळेपणाने हसला. "बोल्ट ना? अहो, तो मी स्वतः आवळलाय. हलणं शक्य नाही."

"आवळताना गाडी कुठे होती?" मी विचारले.

"कुठे म्हणजे? लिफ्टवर. चाकं लोंबकळत असली की हात नीट पोचतो."

मी त्याला सांगितले. हवेत आवळलेल्या सांध्यातले रबर गाडी जमिनीवर आली की पिळून जाते. मग ते प्रत्येक धक्क्याला बोल्ट सोडवत राहते. तो बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच आवळायचा असतो. उस्ताद ऐकत राहिला. हसू हळूहळू ओसरले.

"सगळ्याच गाड्यांना तसंच करतो मी," तो म्हणाला.

"किती गाड्या?" दादाने विचारले.

फोन चालूच होता. मागे लिफ्टची मोटर घरघरत होती, कुणीतरी "अजून घे, अजून वर" म्हणत होते, आणि मग बोल्ट आवळणाऱ्या हवेच्या पान्ह्याचा तो तुटक, आत्मविश्वासाचा आवाज सुरू झाला.